हलणारी भिंत

आईची व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून जात नाही. आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटची कुठली भिंत सरकवता येईल ते बघायला मी नकाशा काढायची सॉफ्टवेअरं टाकून पाहिली, पण आमचा म्हातारा कॉम्प्युटर दरवेळी हँग! शेवटी एक हलकं सॉफ्टवेअर सापडलं. एका क्लिकवर भिंत सरकली आणि नकाशातली व्हीलचेअर थेट नळापाशी पोचली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "जितेश, त्या भिंतीत पिलर आहे. हात लावायचा नाही."

ते गेल्यावर मी कॉम्प्युटर बंद करायला उठलो. पडल्यापासून पलंगावरच अंग पुसून घेणारी आई स्क्रीनकडे बघत होती.

 

"बंद नको करू रे. तिथेच घाल माझ्या अंगावर दोन तांबे पाणी."