बुधवारचा अर्धा मार्क

अरे ऐका ना, आपल्याला एमएस्सीला हजेरीचे मार्क असतात ना, त्यावरून आज सरांनी काय केलं सांगते! वैजनाथ वडिलांचं तेरावं उरकून थेट वर्गात आला. "टोपी काढ," सर ओरडले. त्यानं काढली. मुंडण केलेलं डोकं!

"वडील गेले, सर. मार्क कापू नका, माझी स्कॉलरशिप जाईल."

"केस काय, उन्हाळ्यातही कापतात. दाखला आण."

दाखला बिचाऱ्याच्या खिशातच होता. सरांनी चष्मा लावून नीट वाचला. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील. तर म्हणतात कसे, "मृत्यू गुरुवारचा. मग बुधवारी का नव्हतास?"

"बुधवारी ते हॉस्पिटलमध्ये होते, सर. माझा हात सोडत नव्हते."

"म्हणजे जिवंत होते," सर म्हणाले आणि बुधवारचा अर्धा मार्क कापला. शी!