लाल गोलातले अठरा

नवरा हेडफोन लावून टीव्हीसमोर व्हिडिओ गेम खेळत बसला होता. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, पण कान बाहेर.

"हो, खालचा दात आलाय. फोटो पाठवतो," तो हळूच म्हणाला. "छे, तिला संशयसुद्धा नाही."

हेडफोनमधून बाईचं हसू झिरपलं.

तिचा हात थांबला. आपल्या बाळाचा पहिला दात, आणि कौतुक कोणा परक्या बाईकडे? तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. भावाचं नाव बघून तिने तो पालथा घातला. आत्ता त्याचं 'आईशी बोल एकदा' ऐकण्याची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर जाताच तिने खेळाची डबी शोधून काढली. कव्हरवर अनोळखी अक्षरं आणि कोपऱ्यात लाल गोलात अठरा. फक्त मोठ्यांसाठी! तिच्या डोक्यात नाही नाही ते आलं.

बाळाला कडेवर आणि डबी पिशवीत घेऊन तिने तडक खेळांचं दुकान गाठलं. तिथे हुबेहूब तेच कव्हर होतं. फक्त अक्षरं इंग्रजी, गोल हिरवा आणि आकडा बारा.

"खेळ तोच हो, ताई," दुकानदार म्हणाला. "साधे पत्ते आहेत. तुमची डबी बाहेरच्या देशातली. तिकडे खोटी पैज लावली तरी जुगार धरतात, म्हणून अठरा. आपल्याकडे तो पोरखेळ, म्हणून बारा."

तिचा जीव भांड्यात पडला. निघता निघता तिने सहज विचारलं, "मग इथली सोडून तिकडची कशाला घ्यायची?"

"जोडीदार तिकडचा असेल. इथली डिस्क तिकडच्यांशी जुळत नाही."

भांड्यात पडलेला जीव उकळायला लागला.

संध्याकाळी तो खेळायला बसला तशी ती समोर उभी राहिली.

"कोण जिंकतंय?"

"मी," तो दचकला.

"आणि ती?"

"कोण ती?"

"जिला माझ्या बाळाचे दात मोजायला लावतोस ती!"

त्याचा चेहरा उतरला. "अगं, सांगणारच होतो. जरा शांत हो, मग—"

"तू नकोच सांगू. तिलाच बोलू दे."

तिने हेडफोन ओढून स्वतःच्या कानांवर चढवला. ठेवणीतल्या शिव्या ओठांवर आल्या होत्या.

"अहो जावईबापू, झोपलात की काय? टाका की पत्ता! आणि आज तरी विचारलंत का तिला, आईवरचा राग गेला का म्हणून?"