हयातीची पडताळणी

"मुलं किती?"

"दोन."

"तीन, मामंजी." सुनेनं ओले हात पदराला पुसले. "दोन मुलगे, एक मुलगी. मुलीला विसरू नका."

"मुलगी. हो, ती राहिलीच." म्हातारा ओशाळला. "एवढा अभ्यास शाळेत केला असता, तर आज मीच साहेब झालो असतो."

सून हसली नाही. साहेब अकराला येणार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

केशराची शेती तेव्हा मोजक्याच घरांकडे होती, आणि त्या घरांत कंदांपेक्षा कागद जास्त जपावे लागत. कंद किती लावले त्याचा एक तक्ता. फुलं कोणी खुडली त्यांच्या नावांचा दुसरा. वाळवणाऱ्याचं ओळखपत्र वेगळं, डबीला सील लावणाऱ्याचं वेगळं. सगळं चार प्रतींत, मध्ये जांभळा कार्बन घालून. सून ते सगळं नीट भरायची. त्याची तिला भीती नव्हती.

भीती होती ती एकाच कागदाची. परवाना ज्याच्या नावावर, तो माणूस हयात आहे आणि शुद्धीवर आहे, हे दरवर्षी फुलं येण्याआधी साहेबानं समोर बसून बघायचं. त्याला पटलं नाही, की परवाना रद्द. मग नवा अर्ज करा आणि आठ-दहा वर्षं वाट बघा. गेल्या वर्षी वरच्या आळीतले एक आजोबा आपल्याच शेताची हद्द सांगताना अडखळले. चौथ्या दिवशी माणसं आली आणि सगळे कंद खणून पोत्यांत भरून घेऊन गेली. त्या घराला आता कुलूप होतं.

मागच्या दारातून शेत दिसत होतं. कळ्यांची टोकं मातीबाहेर आली होती. सुनेचा नवरा सकाळीच तिकडे निघून गेला होता. "मला नाही बघवत," एवढंच तो म्हणाला होता. सासूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आठ दिवसांत त्या म्हाताऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"कोटाची वरची गुंडी लावा," सून म्हणाली.

"गळ्याशी आवळतो गं."

"आवळू दे."

साहेब बरोबर अकराला आला. जुन्या साहेबाची बदली झाली होती. हा नवा, किडकिडीत, चाळिशीचा. पाणी नको म्हणाला, चहा नको म्हणाला. चष्मा पुसून त्यानं फाइल उघडली.

"शेत किती, आजोबा?"

"पाऊण एकर. पूर्वेला ओढा, पश्चिमेला दगडी बांध."

"कंद किती वर्षांनी काढता?"

"चौथ्या. काढायचे, निवडायचे, पुन्हा लावायचे."

"आणि फुलं?"

"ऊन चढायच्या आत खुडायची. ऊन लागलं की मान टाकतात."

"मुलं किती?"

म्हातारा थांबला. घड्याळाची टिकटिक एकदम मोठी वाटायला लागली.

"तीन," म्हातारा म्हणाला. "मुलगी लांब दिलीय. दिसत नाही, म्हणून पटकन आठवत नाही."

हे तिनं त्याला शिकवलेलं नव्हतं.

साहेबानं शाईचा पॅड पुढे केला. म्हाताऱ्यानं अंगठा उठवला. मग साहेबानं फाइलमधून जुनं कार्ड काढलं, खिशातून भिंग काढलं आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवून खाली वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. सून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

साहेबानं भिंग खिशात ठेवलं. मग त्यानं पुन्हा प्रश्न सुरू केले, आणि ते कुठल्याच कागदावर छापलेले नव्हते.

"ऐकायला नीट येतं?"

"बायकोचं सोडून सगळं येतं."

"लांबचा प्रवास झेपतो?"

"प्रवास कशाला?" सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"कचेरीत बोलावलं तर यावं लागेल, बाई." साहेबानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "कोणी दरडावून विचारलं, तर गडबडता का, आजोबा?"

"आत्ता गडबडलो का?"

साहेबानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आजीबाईंना बोलवा."

सासूबाई आल्या. डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर.

"आजी, ह्यांना ओळखता ना?"

सासूबाईंनी हळूच मान वर केली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं या मातीत वाकले, त्याला मी नाही ओळखणार?" त्या म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या.

साहेबानं शिक्का उचलला. एक, दोन, तीन, चार. चारही प्रतींवर उठवला. एक प्रत सुनेच्या हातात दिली. "आलेच मी, चहा टाकते," असं काहीतरी ती पुटपुटली.

साहेब उठला, पण बाहेर गेला नाही. त्यानं पुढचं दार लोटून आतून कडी घातली.

"बाई, अंगठा जुळत नाही," तो म्हणाला. "या घरचे आजोबा कधी वारले, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही." मग तो म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, सोमवारी माझ्या गावी येऊन असंच बसाल का? आमचाही परवाना वडिलांच्याच नावावर आहे. ते गेल्या थंडीत गेले."