गळ्यातला कॅमेरा

“वहिनी, हा घ्या. मुठीत मावतो.” दिराने चपटा, चंदेरी कॅमेरा काउंटरवरून तिच्याकडे सरकवला. “पिशवीत रुमालाखाली टाकला तर कोणाच्या बापाला कळायचं नाही.”

वहिनीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काचेच्या कपाटातल्या मोठ्या काळ्या कॅमेऱ्याकडे बघत होती. दुकानदाराने लगेच तो काढून तिच्यापुढे ठेवला.

“डीएसएलआर आहे, ताई. नवीन शिकणाऱ्यांसाठीच बनवलाय. फोटो असा येतो की डोक्यावरचा केस न् केस मोजून घ्या.”

“आम्हाला केस नाही मोजायचे,” दीर वैतागला. “आम्हाला लपवून न्यायचाय.” दुकानदाराच्या कपाळावर आठी पडली, तेव्हा दिराने घाईघाईने सांगून टाकलं, “दवाखान्यात हो. आमच्या आईची पाठ सडत चाललीय.”

सासूचं कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तिला स्वतःची कूससुद्धा बदलता येत नव्हती. मोठा मुलगा बोटीवर कामाला. सून शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात, धाकटा टपाल कचेरीत. दिवसभर घरी कोणी नाही, म्हणून तिला म्हाताऱ्या रुग्णांच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अशा रुग्णांना थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं, हे तिथल्या आयांचं काम. आया खिडकीशी बसून गप्पा मारायच्या. भेटीची वेळ झाली की सगळ्या म्हाताऱ्यांना उताणं करून गळ्यापर्यंत चादर ओढून ठेवायच्या. वरून सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. एकदा उशी सारखी करायला वहिनीने सासूच्या पाठीखाली हात घातला. हात ओला निघाला.

तिने तक्रार केली. पुन्हा केली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “पुरावा आणा.” फोन तर फाटकावरच काढून ठेवायला लावायचे. मग तिने शेजाऱ्यांचा खिशातला कॅमेरा मागून आणला. एका हाताने सासूला कुशीवर धरून दुसऱ्या हाताने फोटो काढला. जखम स्पष्ट दिसत होती. सिस्टरांनी फोटो बघितला आणि शांतपणे विचारलं, “ही पाठ कोणाची? चेहरा कुठे दिसतोय?”

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात जाळ पेटला होता.

“हा मोठा द्या,” ती दुकानदाराला म्हणाली.

“अहो, हा लपवणार कुठे?”

“गळ्यात.”

रस्ताभर दीर भांडत आला. “लोक बघतील, वहिनी. उगाच वाकड्यात शिरायचं. सिस्टर चिडल्या आणि आईला बाहेर काढलं, तर तिच्याकडे कोण बघणार?”

“आत्ता कोण बघतंय?”

तो दोन पावलं मागे राहून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्याने तिचा आणि दिराचा फोन ठेवून घेतला. मग त्याची नजर तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली. तो उठून उभा राहिला. “पेपरमधून आलात का, मॅडम?” तिने गळ्यातला पट्टा सारखा केला. त्याने स्वतःच दार उघडून धरलं. रोज हाच माणूस तिला चपला कोपऱ्यात काढायला सांगत असे.

वॉर्डात आया खिडकीशी बसून दाणे सोलत होत्या. वहिनी सासूच्या पायथ्याशी उभी राहिली. तिने लेन्सचं झाकण काढलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हाताने चादर कमरेपर्यंत खाली ओढली.

दाणे जमिनीवर सांडले.

“ताई, थांबा, थांबा! आम्ही आत्ता त्यांचंच करायला येत होतो.” एक आया गरम पाण्याचं भांडं आणायला पळाली. दुसरीने स्वच्छ चादर आणली. दोघींनी मिळून म्हातारीला अलगद कुशीवर घेतलं. इतकं अलगद, की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

“अशा अवतारात फोटो काढतेस?” सासू सुनेवर खेकसली. “आधी केस तरी विंचर माझे. जन्माची घाई तुला!”

“काढणार आहे असं बोलले का मी? पडून राहा गुपचूप.”

मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी हातमोजे चढवले आणि स्वतः जखम धुवायला बसल्या. “आधी सांगायचं ना, ताई,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. वहिनीचे दात एकमेकांवर घट्ट बसले. इतके दिवस ती दुसरं काय करत होती? पण कॅमेरा तिने तसूभरही खाली केला नाही.

शेजारच्या खाटेवरून एक कापरा आवाज आला. “पोरी, माझं कोणी येत नाही गं. जरा इकडे पण धर ना.”

वहिनीने लेन्स तिकडे वळवली. आयाने मुकाट्याने पाण्याचं भांडं उचललं आणि ती त्या खाटेकडे गेली. मग पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनेही हात वर केला.

“वहिनी, काढा ना!” दीर तिच्या कानाशी कुजबुजला. “जखम आहे, आईचा चेहरा आहे, सिस्टरसुद्धा आहेत. असा पुरावा पुन्हा मिळायचा नाही.”

“कशाने काढू? बॅटरी घरी खोक्यात आहे.”

“म्हणजे? विसरलात?”

“विसरायला काय झालं?” कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ती म्हणाली. “इतके दिवस आपण दोघं इथे डोळे उघडे ठेवून बसत होतो, भाऊजी, तेव्हा कोणी जागचं हललं नाही. हा तर ठार आंधळा आहे. बघा, कसे पळतायत.”