अंधाराची वजाबाकी

"हा बघ. हाही काळा. आणि हा बघ."

मुलगा एकेक फोटो पुढे सरकवत होता. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या शेजारी गच्चीची किल्ली. किल्ली त्याने हळूच आपल्या बाजूला ओढून घेतली होती. आईने ते पाहिलं होतं. ती मटार सोलत राहिली.

"झाकण लावून फोटो काढलेस, आई. एवढ्या थंडीत गच्चीवर बसलीस आणि भिंगावरचं झाकणच काढलं नाहीस. परवा दूध उतू गेलं. त्याच्या आधी दाराला किल्ली तशीच लटकत होती. उद्या कठडा कुठे आहे तेच विसरलीस तर? आजपासून गच्ची बंद."

आईच्या हातून एक दाणा निसटून टेबलाखाली गेला. तो तिने शोधला नाही.

लोक उजेडात काम शिकतात, ती अंधारात शिकली होती. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात, डार्करूममध्ये, मिणमिणत्या लाल दिव्याखाली तिने गावभरच्या लोकांची हाडं धुऊन वाळत घातली होती. पुढे यंत्रं बदलली, डार्करूममध्ये झाडू आणि बादल्या आल्या, आणि तिलाही निरोपाचा नारळ मिळाला. तेव्हा तिने नवऱ्याच्या मागे राहिलेला कॅमेरा कपाटातून काढला आणि त्याचं तोंड आकाशाकडे केलं.

या हिवाळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांचा बाण असतो, त्याच्या खालचा तो धुरकट ठिपका. नुसत्या डोळ्यांना तो फुंकर मारलेल्या राखेसारखा दिसतो. कॅमेऱ्याला बराच वेळ बघू दिलं, तर गुलाबी उमलतो म्हणे. कधी ढग आले, कधी धुकं, कधी समोरच्या इमारतीतल्या लग्नाचे दिवे. आता मृग मावळतीकडे कलला होता. आणखी थोड्या रात्री, मग तो थेट पुढच्या हिवाळ्यात. आणि पुढचा हिवाळा तिने कधी गृहीत धरला नव्हता.

"त्या काळ्याचा उजेड वाढव," ती म्हणाली.

"कशाला?"

"वाढव रे."

त्याने वाढवला. काळ्यातून लाल, निळे, बारीक ठिपके वर आले.

सून ओट्यापासून वळली. "अगंबाई, तारे आहेत की."

"झाकणातून तारे कसे येतील? हे त्याचे भास. म्हातारा झालाय कॅमेरा. फार वेळ अंधारात बघितलं की त्याला नसलेलं दिसायला लागतं." तिने रिकामी शेंग ताटलीत टाकली. "म्हणून झाकण लावूनही फोटो काढायचे असतात. भास कुठे कुठे आहेत ते कळतं. मग खऱ्या फोटोतून तेवढे वजा करायचे. उरतं ते आकाश. तारे टिपणाऱ्या कुणालाही विचार."

त्याने कुणाला विचारलं नाही, लॅपटॉपवरच शोधलं. वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं की व्हायच्या तशा.

"मला भास होत नाहीत," आई म्हणाली. "झाले तरी वजा करायला येतात. किल्ली दे."

त्याने किल्ली सरकवली आणि ऑफिसची बॅग उचलली. चपला घालताना मात्र त्याच्याने राहवलं नाही. "कठड्यापासून लांब बस."

"कठड्याला सांग, माझ्यापासून लांब बस म्हणून."

सून तोंडाला पदर लावून हसली.

तो गेल्यावर तिने लॅपटॉप पुढे ओढला. आता खरे फोटो घ्यायचे, त्यातून हे काळे वजा करायचे. काळे शेवटी असतात, थोडेच. ती मागे मागे गेली. काळा. आणखी मागे. काळा. अगदी पहिल्या फोटोपर्यंत गेली, मग पुन्हा शेवटपर्यंत आली.

एकही तारा नव्हता.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर ती नेहमी काळा कागद चिकटवायची. त्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. कॅमेरा आपोआप टिपत राहायचा आणि ती शाल लपेटून नुसती वर बघत बसायची. काल संध्याकाळी दव बसू नये म्हणून तिने झाकण लावलं होतं. नंतर काढलं होतं. काढलं होतं ना? काल मृग तिने पाहिला होता, डोळे भरून. कॅमेऱ्याने पाहिला नव्हता.

मटाराच्या सालांवर तिचा हात तसाच राहिला. सून कधी मागे येऊन उभी राहिली, तिला कळलं नाही. सुनेने पडदा पाहिला, सासूचा चेहरा पाहिला, आणि सालांची ताटली उचलून ओट्याकडे गेली.

संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं. तिने शाल घेतली, मोडकं स्टूल घेतलं, कॅमेरा गळ्यात अडकवला. किल्ली कमरेला खोचली.

सून दारात उभी होती. "आई, आज पुन्हा?"

"आज पुन्हा."

मग दिवाणखान्याच्या लख्ख उजेडात तिने भिंगावरचं झाकण काढलं, सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"हे तुझ्याकडे ठेव. मी स्वतः मागायला आले, तरी मृग मावळेपर्यंत द्यायचं नाही."