दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

"डावा," थेरपिस्ट म्हणाली.

डावा पाय हलला नाही. बँडमास्तरांनी उजव्या हाताने चालण्याच्या सरावाची दांडी आवळून धरली. डावा हात दुसऱ्या दांडीवर नुसता टेकवलेला होता. कपाळावर घाम आला, जबडा घट्ट मिटला, पण पाय फरशीला डकवल्यासारखा जागच्या जागी.

उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना हेच शिकवलं होतं. डावा आधी. शाळेची पोरं असोत, पोलीस असोत की अग्निशमन दलाचे जवान, मास्तरांचा बँड वाजला की सगळे एका पावलात चालायचे. पाऊल चुकवणाऱ्याची ते सगळ्यांसमोर हजेरी घ्यायचे. आता अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचीच डावी बाजू लुळी पडली होती, आणि त्यांना चालायला शिकवत होती त्यांच्या मुलीहूनही बरीच लहान असलेली एक बाई.

तिने आकडे मोजून बघितले. टाळ्या वाजवून बघितल्या. काल तर कवायतीची धूनही लावली. मास्तरांनी मान फिरवली. "ती धडधाकट माणसांसाठी असते," एवढंच बोलले.

"आज औषध बदलू या," असं म्हणत थेरपिस्टने फोन छोट्या स्पीकरला जोडला.

धप्, धप्, धप्, धप्. डिस्को. जुन्या डिस्को गाण्यांचा तो संग्रह सगळ्यांच्या ओळखीचा होता. पलीकडच्या दांड्यांमध्ये नव्या गुडघ्याला शिव्या घालत उभ्या असलेल्या बेकरीवाल्या बाईंनी शिवी अर्ध्यावर सोडली आणि खांदे हलवायला सुरुवात केली. औषधांची ढकलगाडी नेणाऱ्या नर्सने उघडा खण कमरेने ठोकून बंद केला, तोही नेमका ठेक्यावर.

"माझ्या आईच्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी ही," थेरपिस्ट म्हणाली. "नवी किती लावून बघितली, पण पेशंट पाय उचलतात ते याच गाण्यांवर."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मास्तरांची मुलगी ताडकन उठली. "हे बंद करा, प्लीज. बाबांना हे चालत नाही."

"अहो, त्यांना सध्या काहीच चालत नाहीये," थेरपिस्ट हसली. "एक गाणं होऊ दे. नाहीच जमलं तर बंद करते."

मुलगी उभीच राहिली. थेरपिस्टला ती काय सांगणार? या संग्रहातल्या दोन गाण्यांत ड्रम तिने वाजवले होते. मास्तरांच्या बँडमधला सगळ्यात पक्का हात तिचा. ऐन विशीत ती बँड सोडून रेकॉर्डिंगला गेली, तेव्हा मास्तर दारात उभे राहून म्हणाले होते, "डबे बडवायला नव्हतं शिकवलं मी तुला. या घरात ते वाजता कामा नये."

तिने ते पाळलं. संग्रह कॅसेटवरून सीडीवर आला, सीडीवरून फोनमध्ये. वाढदिवसांना वाजला, व्यायामशाळांत वाजला, स्केटिंगच्या मैदानांवर वाजला. तिच्या ठेक्यावर अनोळखी माणसं नाचताना दिसली की ती घटकाभर थांबायची, मनात हसायची आणि पुढे जायची. बाप-लेकीत पुढे बोलणं सुरू झालं. गॅसच्या सिलेंडरपासून राजकारणापर्यंत सगळं निघायचं. हा विषय तेवढा निघायचा नाही.

मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते. चेहरा दगडासारखा. आता ओरडणार, असं मुलीला वाटलं आणि तिने स्पीकरकडे हात नेला.

तेवढ्यात मास्तरांची टाच उचलली गेली. डावी.

पाऊल वेडंवाकडं पडलं, पण पुढे पडलं. मग उजवं. मग पुन्हा डावं, फरपटत, पण बरोबर ठेक्यावर. थेरपिस्ट त्यांच्या बरोबरीने सरकत राहिली. बेकरीवाल्या बाई ओरडल्या, "वा, मास्तर! जोरात!" मुलीचा हात हवेतच राहिला. गाणं संपेस्तोवर मास्तर दांड्यांच्या मध्यापर्यंत पोचले होते.

गाणं संपलं. मास्तर थांबले.

दुसरं सुरू झालं. तोच वेग, तसाच धपधप ठेका. मास्तर काही हलेनात.

"दमलात का?" थेरपिस्टने विचारलं.

"नाही."

"मग? मघाशी इतकं छान जमत होतं. डावा..."

"बाई, गाणं चुकलंय," मास्तर वैतागून म्हणाले.

"चुकलंय?" थेरपिस्टने फोनकडे बघितलं. "हां, फोन गाणी मागेपुढे करून लावतोय. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर ही गाणी चालत नाहीत ना?"

"मघाच्या गाण्यापाशी पहिली बाजू संपते. मग कॅसेट उलटायची." मास्तरांनी नकळत उजवा हात दांडीवरून उचलला आणि हवेत कॅसेट उलटल्यासारखा फिरवला. तोल जाईल म्हणून थेरपिस्टने त्यांना कमरेला धरलं. "दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नुसत्या ड्रमवर सुरू होतं. गाणारा येतो मागाहून. ड्रम कसे आहेत, विचारा कुणालाही."

मुलगी दांड्यांजवळ आली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही हे कधी ऐकलंत?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली, कवायतीच्या मैदानावर उचलायचे तशी. आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात थेरपिस्टला म्हणाले,

"लावा ते. माझ्या लेकीनं वाजवलंय. त्यावर चालून दाखवतो."