हात मांडीवर

मार्लेनी गेली, हे तिच्या नवऱ्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

कॅप्टन आन्सेल्मो तोबोन तेव्हा विमान घेऊन मेदेयीनला परतत होता. हवेत असलेल्या वैमानिकाला वाईट बातमी द्यायची नाही, चाकं थांबली की मगच सांगायची, अशी विमानवाल्यांची रीत. चाकं थांबली. शिडीखाली कॅप्टन ओकाम्पो टोपी हातात घेऊन उभा होता.

“मेंदूत रक्तस्राव झाला,” ओकाम्पो म्हणाला. “दहाच्या सुमारास गेली.”

“जवळ कोण होतं?”

“मी होतो.”

आन्सेल्मोच्या डोक्यात तेवढंच राहिलं. मी होतो.

मार्लेनी या दोघांच्याच विमान कंपनीत सहवैमानिक होती. कंपनीच्या अर्जावर, आन्सेल्मो हवेत असेल तर कोणाला कळवायचं, या रकान्यात तिने ओकाम्पोचं नाव लिहिलं होतं. नवरा-बायकोला एका कॉकपिटमध्ये बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे अकरा वर्षांच्या संसारात आन्सेल्मोने तिला विमान चालवताना एकदाही पाहिलं नाही. ओकाम्पोने सहा वर्षं पाहिलं. घरी येताना ती पेरूच्या वडीचा अर्धा तुकडा पानात गुंडाळून आणायची. “ओकाम्पोने आणली होती,” म्हणायची. आन्सेल्मो तो तुकडा शेजारणीच्या पोपटाला घालायचा.

तीन महिन्यांनी एका सकाळी बुकारामांगाच्या फेरीचा सहवैमानिक आजारी पडला. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत ओकाम्पो येऊन बसला. ओकाम्पोच्या विमानात ती मार्लेनीची खुर्ची असायची.

“तोंड असं का केलंयस? सहामाही तपासणीला निघाल्यासारखं?” ओकाम्पोने विचारलं.

आन्सेल्मोने इंजिनं सुरू केली. विमान वर गेलं. मगदालेना नदी मागे पडली. ओकाम्पोने खिशातून पेरूची वडी काढली, दोन तुकडे केले आणि एक पुढे केला.

“नको.”

“अरे, घे की. विष नाही घातलेलं.”

“नको म्हटलं ना.”

मार्लेनीलाही हा असाच देत असायचा. असाच हात पुढे करून. आन्सेल्मोच्या मनात हेच चाललं होतं, तेवढ्यात घंटा वाजली आणि समोर लाल दिवा लागला. उजवं इंजिन. तेलाचा दाब कमी.

आन्सेल्मोचा हात थेट उजव्या इंजिनच्या दांड्यावर गेला.

“उजवं बंद करतोय.”

यावर दुसऱ्या वैमानिकाने आधी बघायचं आणि मग म्हणायचं, “हो, उजवं.” तसं म्हटल्याशिवाय दांडा हलवायचा नाही. ओकाम्पो तसं म्हणाला नाही. त्याने आपले दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

“हात मांडीवर,” तो म्हणाला. “एक श्वास. दिवा ओरडतो, खरं काटा सांगतो.”

आन्सेल्मोचा हात थांबला. हे शब्द त्याचेच होते. तेरा वर्षांपूर्वी, लग्नाच्याही आधी, मार्लेनी परीक्षेत नापास झाली होती. दिवा लागला की ती घाबरून दिसेल त्याला हात लावायची. त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर दिवे आणि काटे रंगवले, तो स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर टेकवून ठेवला आणि महिनाभर तिच्याकडून हे शब्द घोटून घेतले. ते त्या स्वयंपाकघराबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्याने हात मांडीवर ठेवला. श्वास घेतला. काट्याकडे बघितलं. काटा होता तिथेच होता. तेलाचा दाब व्यवस्थित होता. इंजिन धड होतं, दिवाच खोटं बोलत होता.

ओकाम्पोने यादी काढून मोठ्याने वाचली. दिवा लागला पण काटा ठीक असेल, तर इंजिन चालू ठेवा, काट्यावर नजर ठेवा. समोर डोंगराची रांग उभी होती. एका इंजिनावर विमान त्या उंचीला टिकलं नसतं. मागे बासष्ट माणसं कॉफी पीत होती.

विमानाने रांग ओलांडली.

“तुला कोणी शिकवलं हे?” मग आन्सेल्मोने विचारलं.

“कोणी म्हणजे? मार्लेनीने. चार वर्षांपूर्वी माझाही हात असाच गेला होता. बाईने मनगटच धरलं माझं. वर म्हणाली, कॅप्टन, आमच्या आन्सेल्मोकडे असं चालत नाही.” ओकाम्पो काट्याकडेच बघत होता. “सहा वर्षं ऐकलंय मी. आन्सेल्मो असं करतो, आन्सेल्मो तसं म्हणतो. तिची अर्धी वडीही तुझ्यासाठीच जायची. खरं सांगू? तुझं नाव काढलं की डोकं फिरायचं माझं. माझ्या घरी माझं नाव असं कोणी घेत नाही रे.”

आन्सेल्मोने हात पुढे केला. ओकाम्पोने वडीचा तुकडा त्यावर ठेवला. आन्सेल्मोने तो खाल्ला.

विमान उतरलं. तंत्रज्ञाने दिव्याचा बिघडलेला भाग बदलला.

पण आन्सेल्मोची असूया गेली नाही. ‘हात मांडीवर’ म्हणताना ओकाम्पोने शेवटचा शब्द जरा लांबवला होता. तशी सवय आन्सेल्मोला नव्हती. ओकाम्पोलाही एरवी नव्हती. म्हणजे कॉकपिटमध्ये मार्लेनी ते तसं म्हणत असणार. विमानातली आवाज टिपणारी पेटी कॉकपिटमधलं फक्त शेवटच्या दोन तासांचं बोलणं ठेवते, आधीचं पुसून टाकते. मार्लेनीचा तिथला आवाज आता एकाच माणसाच्या कानात उरला आहे.

ती ते कसं म्हणायची, हे ओकाम्पोला विचारायचं अजून राहिलं आहे.